खाऱ्या बोअरचं गोडं पाणी: उन्हाचा आणि काचेचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा. अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यातलं पाच माणसांचं घर, बोअरच्या पाण्याचा टीडीएस (लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत तो आकडा) २८०० च्या आसपास. चहा फाटतो, डाळ शिजत नाही. नळाचं पाणी येतं, पण दोन पाळ्यांमध्ये बरेच दिवस जातात. एका व्हिडिओत काचेच्या पेटीत खारं पाणी ठेवून उन्हावर दिवसाला चौरस मीटरमागे वीस लिटर शुद्ध पाणी काढून दाखवलं आहे. हे खरं का, घरासाठी केवढी पेटी लागेल, खर्च किती, ते पाणी सरळ प्यायचं का, आणि यापेक्षा आरओ बरा का?

खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या आपल्या भागात, मी अशा पेट्या बऱ्याच वर्षांपासून बांधतो आहे, घरांसाठी, शाळांसाठी आणि बॅटरीचं पाणी विकणाऱ्यांसाठी. पेटीचं काम साधं: काळ्या हौदातल्या खाऱ्या पाण्याची उन्हाने वाफ होते, ती वरच्या तिरप्या काचेवर गार होते आणि थेंब घसरत पन्हळीत येतात. आधी व्हिडिओबद्दल: वीस लिटर होत नाहीत. होऊच शकत नाहीत, आणि ते का हे तुम्ही स्वतः कागदावर तपासू शकता.

एक लिटर कोमट पाण्याची वाफ करायला साधारण ०.६५ युनिट उष्णता लागते. युनिट म्हणजे विजेच्या बिलातलंच युनिट. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत एक चौरस मीटर जागेवर दिवसभरात जवळपास सहा युनिट ऊन पडतं. सहाला ०.६५ ने भागा, नऊ लिटर आणि थोडं वर येतं. एक काच आणि एक हौद असलेल्या पेटीची ही लक्ष्मणरेषा. उन्हाचा कण न् कण वाफेसाठी वापरला, काच अजिबात तापली नाही, तळातून उष्णता गळली नाही, सांध्यातून वाफ निसटली नाही, तरच नऊ. प्रत्यक्षात यातलं सगळंच थोडंथोडं होतं आणि ऊन कामी येतं पस्तीस ते चाळीस टक्के. म्हणजे कडक उन्हाळ्यात साडेतीन लिटर, डिसेंबरात दोन-सव्वादोन, ढगाळ दिवशी एक लिटरही नाही. वर्षभराची सरासरी अडीच धरा. यापेक्षा जास्त सांगणाऱ्याला एवढंच विचारा, की वाफेची उष्णता तुम्ही दुसऱ्यांदा कुठे वापरता? त्या प्रश्नाकडे मी पुढे येतो.

हा अडीच-तीन लिटरचा आकडा नवा नाही. चिलीच्या अटाकामा वाळवंटात लास सालिनास इथे १८७२ साली चार्ल्स विल्सन या अभियंत्याने सोरा खाणीच्या खेचरांसाठी सौर ऊर्ध्वपातनाचा, म्हणजे उन्हाने पाण्याची वाफ करून तिचं पुन्हा पाणी करण्याचा, कारखाना उभारला. लाकडी हौद, वर काचा, सगळं मिळून सुमारे ४७०० चौरस मीटर. पाणी आपल्या बोअरपेक्षा कितीतरी खारं, समुद्राच्या चौपट. चांगल्या दिवशी त्यातून जवळपास २३ हजार लिटर गोडं पाणी निघायचं. भागाकार केला तर चौरस मीटरला पाच लिटरच्या आत, आणि ते जगातल्या सर्वांत कोरड्या, निरभ्र जागांपैकी एका जागी. आपल्या देशात भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने १९७८ मध्ये जवळच्या अवाणिया गावात असाच प्रकल्प केला: सुमारे १८६६ चौरस मीटर काच आणि क्षमता दिवसाला ५००० लिटर. म्हणजे चौरस मीटरला पावणेतीनच्या आसपास. दोन्ही ठिकाणची माणसं तयारीची होती. आकडा तिथेच थांबतो, कारण अडवणूक कारागिरीची नाही, वाफेच्या उष्णतेची आहे.

आता तुमच्या घराचं पाहू. पाच माणसांना फक्त पिण्यासाठी दिवसाला पंधरा लिटर धरले तर सरासरीने सहा चौरस मीटर काच लागेल. स्वयंपाकही त्याच पाण्यात करायचा म्हटलं तर दहा. मला शेवटचं काम चौरस मीटरला साडेआठ हजारांत पडलं, मजुरी धरून. नीट सांभाळलेली पेटी दहा वर्षं चालते आणि वर्षाला चौरस मीटरमागे नऊशे लिटर देते. म्हणजे लिटरला साधारण एक रुपया. गावात वीस लिटरचा जार वीस-तीस रुपयांना मिळत असेल तर पैशांत फार फरक पडत नाही, हे मी काम घेण्याआधी प्रत्येकाला सांगतो. फरक दुसरीकडे आहे. पाणी तुमच्या गच्चीवर, तुमच्या डोळ्यांदेखत तयार होतं, वीज गेली म्हणून थांबत नाही, आणि त्यात काय गेलं न् काय राहिलं हे तुम्हाला माहीत असतं.

पण सहा चौरस मीटर बांधायला घेऊ नका. माझं सगळ्यात महत्त्वाचं म्हणणं इथेच आहे.

तुमच्या घराला ५० चौरस मीटरचा स्लॅब असेल आणि पाऊस ७०० मिलिमीटर धरला, तर वाया जाणारं सोडून त्या छतावरून वर्षाला २८ हजार लिटर पाणी उतरतं. पावसाचं पाणी म्हणजे सूर्याने आधीच वाफ करून, गार करून, तुमच्या घरावर आणून ओतलेलं गोडं पाणी. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत पंधरा लिटर रोज म्हणजे ३६०० लिटर. ५००० लिटरची एक झाकणबंद टाकी पिण्याची गरज भागवून उरते. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, मग वाळू-कोळशाच्या गाळणीतून टाकीत घ्यायचं, टाकीत उजेड जाऊ द्यायचा नाही, पिण्याआधी उकळायचं किंवा क्लोरीनचे थेंब टाकायचे. पेटीपेक्षा हे काम आधी करा.

मग पेटी कशाला? टाकीचं गणित नेमकं फसतं एप्रिल-मेमध्ये. घरात लग्नकार्य निघतं, पाहुणे येतात, टाकीने तळ गाठलेला असतो. आणि पेटी सगळ्यात जास्त पाणी देते ती एप्रिल-मेमध्येच. पेटी जुलैत थंडावते तेव्हा टाकी भरत असते. शिवाय पेटीच्या काचेवर पडलेलं पावसाचं पाणीही बाहेरच्या पन्हळीने टाकीत घेता येतं, म्हणजे पावसाळ्यातही ती जागा रिकामी बसत नाही. म्हणून माझा सल्ला: टाकी ५००० लिटरची आणि पेटी दोन चौरस मीटरची. उन्हाळ्यात रोज सात लिटर. तेवढं पुरतं.

बांधकामाचं सांगतो, कारण पेट्या फसतात त्या इथे.

पुढून मागे एक मीटर, लांबी दोन मीटर, तोंड दक्षिणेला. पुढची भिंत १२ सेंटिमीटर, मागची ४४. त्याने काचेला अठरा अंशांचा उतार मिळतो. आपल्या अक्षांशाला हा बरोबर बसतो, आणि थेंब अडून न राहता घसरत खाली येतात. उतार दहा अंशांच्या खाली गेला की थेंब काचेला लटकतात आणि पुन्हा खाऱ्या पाण्यात पडतात. पुढची भिंत उगाच उंच करू नका. काच पाण्याच्या जितकी जवळ, तितकं बरं, आणि भिंतीची सावलीही हौदात कमी पडते.

हौद एफआरपीचा (फायबरचा) घ्या, काळा रंग त्यातच मिसळलेला. वरून मारलेला काळा ऑइलपेंट दोन उन्हाळ्यांत पापुद्रे सोडतो आणि ते पन्हळीत येतात. डांबर अजिबात नको. दिसायला पक्कं वाटतं, पण ते तापल्यावर वास सोडतं आणि तो वास वाफेबरोबर थेट तुमच्या पाण्यात जातो. जस्ती पत्रा खाऱ्या पाण्यात गंजतो. हौदाखाली उष्णता अडवायला थर्माकोल घालू नका. मी एकदा घातला होता. मे महिन्यात मालक लग्नाला गेले, हौद दोन दिवस कोरडा पडला, आणि परत आले तेव्हा तळ मध्यभागी ताटासारखा खचलेला होता. पाणी असतं तोवर हौद साठ-सत्तर अंशांच्या आसपास राहतो, कोरडा पडला की फार वर जातो, आणि थर्माकोल ते सहन करत नाही. तेव्हापासून मी भाताचं तूस नाहीतर काचलोकर वापरतो, दहा सेंटिमीटर जाड, आणि खालून ओल येणार नाही असं बंदिस्त. तूस भिजलं की त्याचा उपयोग संपला.

काच चार मिलिमीटरची साधी चालते. काचवाल्याकडे गेलात की काच उभी धरून तिच्या कडेकडे बघा. कड गर्द हिरवी दिसली तर त्यात लोह जास्त आहे, म्हणजे ती ऊन खाते. जितकी फिकी, तितकी चांगली. काचेऐवजी प्लॅस्टिकचा कागद लावायचा मोह होतो, स्वस्त असतो, फुटत नाही. पण प्लॅस्टिकवर पाण्याचे गोल थेंब होतात आणि ते तिथूनच टपटप खाली पडतात. काचेवर पाण्याचा पातळ पदर होतो आणि तो घसरत पन्हळीपर्यंत जातो. यासाठी काचेची आतली बाजू बसवण्याआधी साबणाच्या पाण्याने घासून, भरपूर पाण्याने धुऊन घ्या. बोटांचा तेलकटपणा राहिला तर काचेवरही थेंबच होतात.

काच आणि भिंत यांचा सांधा सिलिकॉनने भरायचा. दुकानात ट्यूब उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती सिमेंटला धरत नाही, वर्षभरात सुटते. बिनवासाची, न्यूट्रल म्हणून मिळते ती मागा. सांध्यातून गेलेली वाफ डोळ्यांना दिसत नाही, फक्त संध्याकाळी बाटली अर्धी भरलेली मिळते. पहाटे पेटीभोवती एक चक्कर मारून सांध्यावर बाहेरून कुठे ओलसर रेघ दिसते का ते पाहा.

आतली पन्हळ स्टेनलेस स्टीलची, मीटरला एक सेंटिमीटर उतार देऊन. ऊर्ध्वपातित पाण्यात क्षार नसतात म्हणून ते जिथून जाईल तिथून काहीतरी विरघळवून घेतं. पितळ, तांबं, शिसं त्याच्या वाटेत नको. पन्हळीपासून भांड्यापर्यंतची नळी काळी घ्या. पारदर्शक नळीत पंधरा दिवसांत शेवाळ धरतं. नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, नाहीतर मुंग्या आणि चिलटं पाण्याच्या वासाने आत शिरतात.

रोजचं काम पहाटेचं. हौदात दोन-तीन सेंटिमीटर पाणी असावं, त्याहून जास्त भरलं तर तापायलाच दुपार होते. काल जितकं गोडं पाणी निघालं त्याच्या दुप्पट खारं पाणी सकाळी घाला, जास्तीचं ओव्हरफ्लोमधून आपोआप बाहेर जाईल आणि सोबत साठलेले क्षारही नेईल. हे उन्हं यायच्या आधी करायचं, कारण दुपारी थंड पाणी घातलं तर तापलेला हौद गार पडतो आणि तो दिवस हातचा गेला. तुमच्या पाण्यात लिटरला २.८ ग्रॅम क्षार आहेत. दिवसाला सात लिटर वाफ झाली की वीस ग्रॅम मागे राहतात, महिन्याला सहाशे. हे बाहेर काढलं नाही तर काळ्या तळावर पांढरा थर बसतो, आणि पांढरा तळ ऊन परत फेकतो. एका शाळेतली पेटी ‘बंद पडली’ म्हणून मला बोलावलं होतं. काच स्वच्छ, सांधे ठीक. आत हात घालून तळ खरवडला तर नखाखाली पापडासारखा पांढरा पापुद्रा निघाला, आणि त्याच्या खाली हौद काळाभोर, नवा होता तसाच. धुतला. दुसऱ्या दिवशी बाटली भरली.

ओव्हरफ्लोचं पाणी मात्र शेतात सोडू नका. आपली काळी जमीन आधीच चोपण होते, निचरा होत नाही. प्लॅस्टिक अंथरलेला एक उथळ खड्डा करा, त्यात ते आटू द्या, वर्षातून एकदा मीठ पोत्यात भरून काढा. घरातली भांडी-धुणी तुम्ही आजही बोअरच्या पाण्यात करत असाल तर पहाटेचं हे पाणी त्या बादलीत मिसळलं तरी चालेल, ते फार तर दुप्पट खारं असतं.

आता पिण्याचं. मीठ, फ्लोराइड, नायट्रेट, लोह, जंतू हे सगळं वाफेबरोबर वर जात नाही, हौदातच राहतं. भांडं स्वच्छ आणि झाकलेलं असेल तर पाणी पिण्याजोगं आहे. पण जे स्वतःच वाफ होऊन उडतं ते पाण्याबरोबर वर जातं: पेट्रोल-डिझेलचे अंश, अमोनिया, काही कीटकनाशकं आणि ती ज्यात विरघळवलेली असतात ते द्रव. आपला भाग कपाशीचा. विहिरीच्या काठावर फवारणीचे पंप धुतले जात असतील, तर त्या विहिरीचं पाणी पेटीत घालू नका. तिथे कोळशाची गाळणी लागेल आणि आधी प्रयोगशाळेची तपासणी.

चव हा वेगळाच मुद्दा. आयुष्यभर खारं पाणी प्यायलेल्या एका आजींना मी पहिला ग्लास दिला, तर त्या म्हणाल्या, “या पान्याले चवच नाई.” खरं आहे, क्षार नसलेलं पाणी पांचट लागतं, आणि कायम तसंच पीत राहणं योग्यही नाही, शरीराला थोडे क्षार हवेत. नऊ भाग पेटीचं आणि एक भाग बोअरचं उकळलेलं पाणी मिसळा. तुमचा टीडीएस तीनशेच्या आसपास येईल. भारतीय मानकात ५०० पर्यंत चांगलं आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावं असं धरलं आहे. मिसळण्याआधी बोअरच्या पाण्याची फ्लोराइड आणि नायट्रेटची तपासणी करून घ्या. फ्लोराइडची मर्यादा लिटरला एक ते दीड मिलिग्रॅम आणि नायट्रेटची ४५ मिलिग्रॅम. एक दशांश मिसळल्यावर आकडा या मर्यादेच्या बराच खाली राहिला पाहिजे. घरात कुणाला किडनीचा त्रास असेल तर किती क्षाराचं आणि किती पाणी हे डॉक्टरांनी ठरवायचं, मी नाही.

आरओचं उत्तर दोन भागांत आहे. पूर्ण गावासाठी विचारत असाल तर आरओच. एक चौरस मीटर सौर पॅनल दिवसाला पाऊण ते एक युनिट वीज देतं. आपल्यासारख्या मध्यम खाऱ्या पाण्याला गावपातळीच्या चांगल्या आरओमध्ये हजार लिटरला दोन-तीन युनिट पुरतात. म्हणजे त्याच एका चौरस मीटरवर तीनशे लिटर. पेटीतून अडीच. पेट्या बांधणारा असूनही मी हेच सांगतो. वाफ करायला हजार लिटरला साडेसहाशे युनिट उष्णता लागते आणि ऊन फुकट असलं तरी काच फुकट नाही. पण त्या आरओला रोज लक्ष देणारा माणूस हवा, मेंब्रेन (क्षार अडवणारा आतला पडदा) बदलायला पैसे हवेत, आणि निम्मं पाणी जास्त खारं होऊन बाहेर पडतं त्याची सोय हवी. यातलं एक जरी चुकलं की यंत्राला कुलूप लागतं, तशी कुलपं मी पाहिली आहेत. काही घरगुती आरओंना २८०० टीडीएस झेपतो, पण आपल्या जड पाण्यात मेंब्रेन लवकर चोंदतं आणि एका लिटरमागे दोन-तीन लिटर टाकून द्यावे लागतात. वीज भरवशाची आणि बोअरला पाणी भरपूर असेल तर घ्या. नसेल तर टाकी आणि पेटी.

राहिला उष्णता दुसऱ्यांदा वापरण्याचा प्रश्न. वाफ काचेवर गार होते तेव्हा तिने घेतलेले ०.६५ युनिट ती काचेला परत देते आणि काच ते हवेत सोडून देते. ती उष्णता काचेऐवजी दुसऱ्या ओल्या पदराला दिली तर तिथे पुन्हा वाफ होते, तिची तिसऱ्या पदरावर, असं पुढे. अमेरिकेतल्या एमआयटी आणि चीनमधल्या शांघाय जिआओ टोंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये दहा पदरांचं असं छोटं उपकरण दाखवलं. चौरस मीटरला तासाला ५.७८ लिटर, म्हणजे पडलेल्या उन्हाच्या ३८५ टक्के काम. शंभराच्या वर आकडा पाहून फसवणूक वाटेल, पण ती नाही, एकच उष्णता अनेकदा वापरली आहे. मी या कामाकडे फार आशेने पाहतो. पण पदर एकमेकांपासून काही मिलिमीटरवर असतात, आत कापडासारखी वात असते, आणि आपल्या पाण्यातला चुना अशा वातीत काय करतो हे मी साध्या उताराच्या पेटीत अनुभवलं आहे. काळं गोणपाट पसरून त्यावर पाणी झिरपवत ठेवलं होतं. पहिल्या आठवड्यात साध्या पेटीपेक्षा बरंच जास्त पाणी आलं. तिसऱ्या आठवड्यात गोणपाट वरच्या कडेला पत्र्यासारखं कडक झालं होतं आणि त्यातून पाणी उतरतच नव्हतं. हौद धुता येतो, तसं हे धुता येत नाही. म्हणून तुमच्या गच्चीवर आज मी साधा हौदच बांधेन.

फेब्रुवारीत कामाला हात घाला म्हणजे मार्चच्या उन्हाला पेटी तयार असेल. पहिले पंधरा दिवस जे पाणी निघेल ते पिऊ नका, सिलिकॉन आणि एफआरपीचा वास जाईपर्यंत ते इन्व्हर्टरच्या बॅटरीला घाला. त्या पंधरा दिवसांत रोज संध्याकाळी बाटलीवरची रेघ पाहून वहीत लिहा: तारीख, ऊन की ढग, किती लिटर. सूर्य मावळल्यावरही दोन-तीन तास थेंब पडत राहतात, काच गार झालेली असते आणि पाणी अजून गरम, म्हणून मोजमाप रात्री नऊला घ्या. निरभ्र मार्चमध्ये दोन चौरस मीटरला सहा लिटर आले तर सगळं ठीक आहे. चारच्या खाली आले तर आधी सांधे बघा, मग पन्हळीचा उतार.